मयताच्या घरी बसायची पद्धत

काळाचौकीच्या त्या चाळीत कुणी मेलं की पहिली हाक धोंडू चिंदरकरांना जायची. धोंडू गेल्यावर ती त्यांच्या मुलाला, राजारामला जाऊ लागली. बापाचं दुकान मुलानं चालवावं तसंच होतं ते. राजारामनं सबंध नोकरी माझगावच्या गोदीत स्टोअर सांभाळण्यात घालवली, पण त्या नोकरीचा त्याला कधी अभिमान वाटला नाही. अभिमान होता तो या दुसऱ्या कामाचा. मयताच्या घरी कसं बसावं हे आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी त्याची खात्री होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही तीच खात्री होती. दोघेही चुकत होते, पण चूक सगळ्यांची मिळून असली की तिला आपल्याकडे पद्धत म्हणतात.

त्याचं बसणं खरंच बघण्यासारखं असे. कपाटात एक पांढरा सदरा कायम इस्त्री करून ठेवलेला असायचा. तो घालून राजाराम त्या घरात शिरायचा, कुणाच्या तोंडाकडे न बघता भिंतीकडेची जागा धरायचा आणि मान खाली घालायचा. थोडा वेळ गेला की एक लांब सुस्कारा. मग हलक्या आवाजात एकच प्रश्न, "कसं काय झालं?" तो प्रश्न त्या घरच्या माणसाला सकाळपासून प्रत्येकानं विचारलेला असायचा आणि तो बिचारा पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचा. रात्री नीट जेवले होते, पहाटे घाम आला, डॉक्टर येईपर्यंत खेळ संपला. राजाराम सगळं ऐकून घ्यायचा आणि "त्याच्या हातात सगळं," म्हणून वर छताकडे बघायचा. कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला तर दोन बोटांनी बाजूला सारायचा. मयताच्या घरी पाणी प्यायचं नसतं. मग उठायचा आणि एक अक्षर न बोलता चालू पडायचा. "येतो" म्हणायचं नसतं, कारण असल्या कारणासाठी त्या घरी पुन्हा यायची पाळी कुणावर यायला नको. मागं वळूनही बघायचं नसतं. घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली की कर्तव्य संपलं.

हे सगळं तो बापाकडून शिकला होता. शिकला म्हणजे बापानं समोर बसवून सांगितलं असं नव्हे. लहानपणी धोंडू त्याला बोट धरून न्यायचे, शेजारी बसवायचे आणि पोरगं आपलं बापाकडे टक लावून बघत राहायचं. बाप जे करेल ते त्यानं उचललं. धोंडूंना दमा होता, त्यामुळे बसल्या बसल्या ते मध्येच घसा खाकरायचे. राजारामचा घसा चांगला ठणठणीत, पण सुस्कारा आणि प्रश्न यांच्या मध्ये तोही नेमका खाकरायचा. बापाच्या आजारपणाची त्यानं रीत करून टाकली आणि कधी त्याच्या ध्यानातही आलं नाही.

पुढच्या खोलीत बसलेल्या त्या पोराला एक गोष्ट मात्र कधीच दिसली नाही. चाळीला मागच्या अंगानं एक अरुंद गॅलरी होती, मोरी आणि संडासाकडे जाणारी. धोंडू पुढच्या दारानं आत शिरायचे तेव्हा त्यांची बायको लक्ष्मी त्या मागच्या गॅलरीनं त्याच घराच्या स्वयंपाकखोलीत पोचलेली असायची. तिच्या एका हातात भाताचं पातेलं असायचं, दुसऱ्या हातात पिठल्याचं. त्या घरची चूल त्या दिवशी पेटवायची नाही, म्हणून शेजारणीनं पहिला कडू घास न्यायचा. मुलांना आधी वाढायचं. म्हाताऱ्यांना जबरदस्तीनं चार घास भरवायचे. रडणारीच्या पाठीवर हात फिरवत तिच्याही तोंडात एक घास कोंबायचा. नळाची वेळ झाली असेल तर पिंप भरून ठेवायचं. चूल बंद ठेवायची ती दुसऱ्याच्या चुलीवर त्या घरासाठी भात शिजत असतो म्हणून. पाणी प्यायचं नाही तेही एवढ्याचसाठी, की त्या दिवशी त्या घरातल्या बाईला कुणासाठी उठायला लागू नये. पुढचं बसणं हे त्या पातेल्याच्या सोबतीनं होतं. पातेलं नसेल तर ते बसणं म्हणजे नुसती जागा अडवणं.

पण माणूस नक्कल करतो ती आपल्या जागेवरून जेवढं दिसतं तेवढ्याची, आणि त्यातही जे अंगाला तोशीस न लावता जमतं त्याची. मान खाली घालायला काय लागतं? सुस्कारा तर झोपेतही सुटतो. भात मात्र शिजवावा लागतो, भाजत्या पातेल्याला फडकं लावून जिने चढावे लागतात. पहिली अर्धी गोष्ट जगभर पसरते आणि दुसरी अर्धी कुणातरी बाईच्या गळ्यात पडून राहते. ती बाई आहे तोवर कुणाला काही उणं जाणवत नाही.

लक्ष्मीचे पाय थकले तेव्हा ते पातेलं तिच्या सुनेकडे आलं. सून म्हणजे नलू. सासूनं एकदा सांगितलं, नलूनं पुढे जन्मभर केलं. कुणाच्या घरून रडण्याचा आवाज आला की हिच्या घरी बेसन कालवलं जायचं. राजारामला एवढंच ठाऊक होतं की मयताच्या दिवशी आपल्या ताटात हमखास पिठलं पडतं. आंघोळ करून तो पाटावर बसायचा, ताटाकडे बघून नाक मुरडायचा आणि आज पुन्हा पिठलंच का, म्हणून बायकोला विचारायचा. नलू म्हणायची, लवकर होतं म्हणून. एवढं मोठं पातेलं दोन-तीन माणसांना कशाला, हा प्रश्न गोदीतल्या खिळ्यामोळ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या त्या माणसाला कधी पडला नाही. घरातल्या पातेल्यांचा हिशेब त्याच्या खात्यात येत नव्हता ना.

पुढे चाळ पाडून टॉवर झाला. खालच्या मजल्यांवरची माणसं चाळीतूनच आली होती, पण लिफ्टमधून वर जाताना ती वेगळी दिसू लागली. सगळ्यात पहिली गोष्ट त्यांनी शिकून घेतली ती दार लावून बसायची. वरच्या मजल्यांवर विकत घेऊन आलेले लोक दार लावतात, म्हणून खालच्यांनीही लावलं. लिफ्टच्या बाहेर खाली जायचं आणि वर जायचं अशी दोन बटणं असतात. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी दोन्ही दाबली आणि लिफ्ट योगायोगानं लवकर आली. तेव्हापासून सबंध टॉवर दोन्ही बटणं दाबतो, वर जाणारी लिफ्ट खाली जाणाऱ्यासाठी थांबते, खाली जाणारी वर जाणाऱ्यासाठी, आणि आत उभी असलेली माणसं लिफ्टवाल्या कंपनीच्या नावानं बोटं मोडतात. स्वतःचं बोट आवरायचं कुणाला सुचत नाही.

अशा या टॉवरमध्ये राजारामचा भाव आणखी वधारला. नव्या लोकांना पद्धती ठाऊक नव्हत्या, जुन्यांना विसर पडला होता, आणि विचारायला एकच माणूस. त्यातून हितेंद्र परकर नावाचा एक शिष्य त्याला मिळाला. हा हितेंद्र विमा कंपनीत कामाला, गणपती मंडळाचा कार्यकर्ता, कुठंही माणसं जमली की पुढं होऊन त्यांना ओळीत उभं करायची त्याला भारी हौस. तो राजारामकाकांच्या मागंमागं मयताला जाऊ लागला. पांढरा सदरा त्यानंही शिवून घेतला. आणि थोड्याच दिवसांत, सुस्कारा आणि प्रश्न यांच्या मध्ये, हितेंद्रही घसा खाकरू लागला. गिरणीतल्या कापसानं धोंडूंची छाती भरली होती. तिचं खाकरणं आता विमा कंपनीतल्या धडधाकट गड्यापर्यंत येऊन पोचलं होतं.

टॉवरमधल्या पहिल्या मयताला राजारामनं सगळ्यांना जमवून नियम सांगितले होते. घरात गॅस पेटवायचा नाही. हॉटेलातून, मोबाईलवरून काही मागवायचं नाही, मयताच्या घरी ते चालत नाही. चहापाणी घ्यायचं नाही. "येतो" म्हणायचं नाही. लोकांनी माना डोलावल्या. मग त्या घरानं खायचं काय, हे कुणी विचारलं नाही आणि राजारामनं सांगितलं नाही, कारण त्याला ते ठाऊकच नव्हतं. त्याच वेळी सामान न्यायच्या मागच्या लिफ्टनं नलू पातेलं घेऊन वर गेली होती.

आणि मग एका सकाळी कपडे वाळत घालता घालता नलूच कोसळली. हातातला पिळलेला टॉवेलसुद्धा सुटला नव्हता. डॉक्टरनं येऊन मान हलवली. मूलबाळ त्यांना नव्हतं. नलूचे भाऊ मालवणाहून निघाले, पण ते दुसऱ्या दिवशी पोचणार होते. दुपार व्हायच्या आत भोईवाड्याच्या स्मशानात सगळं आटोपलं. हितेंद्रनं कुठंही उणं पडू दिलं नाही. परत आल्यावर त्यानं दारात सगळ्यांना कडुलिंबाचं पान चावायला दिलं, राजारामला भिंतीकडे सतरंजीवर बसवलं आणि स्वतः दाराशी उभा राहिला. "काका, टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला, "सगळं पद्धतशीर होणार."

झालंही तसंच. लोक येऊ लागले. एकेक जण आत शिरे, कुणाकडे न बघता बसे, मान खाली घाली. सुस्कारा, खाकरणं, आणि मग हलक्या आवाजात, "कसं काय झालं?" राजाराम सांगे. सकाळी उठली, चहा केला, कपडे वाळत घालायला गेली. पहिल्या काही जणांना त्यानं थांबत थांबत सांगितलं. नंतर नंतर ते वाक्य त्याला दुसऱ्याच कुणाच्या घरचं वाटू लागलं. टॉवेलाचं सांगायचं की नाही, हेसुद्धा ठरून गेलं. समोरचा वर छताकडे बघे, "त्याच्या हातात सगळं," म्हणे, उठे आणि न बोलता निघून जाई. सुरवातीला राजारामला, एवढ्या दुःखातही, बरं वाटलं. आपण शिकवलं ते लोकांनी नीट उचललंय, कुठं बोट ठेवायला जागा नाही. बायको गेल्याच्या दिवशी माणूस असल्या गोष्टीनं सुखावू शकतो, हे खोटं वाटेल. पण राजाराम सुखावला.

मग त्याला भूक लागली. आधी ती त्याच्या लक्षातच येईना, कारण मयताच्या घरी भूक लागते हे त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो जेवायला घरी जात होता. सकाळच्या चहावर दुपार कलली आणि पोटात कावळे ओरडायला लागले. त्याला स्वतःची लाज वाटली. नलूची राख अजून निवली नसेल आणि आपल्याला भात आठवतोय. तो मान आणखी खाली घालून बसला. लोकांना वाटलं, काका फार खचले.

आतल्या खोलीत लक्ष्मी पलंगावर पडून होती. वय नव्वदीला टेकलेलं, तोंडात दात नाही, डोक्यातलं बरंचसं विसकटलेलं. सकाळी मधुमेहाची गोळी मात्र तिनं सवयीनं डबीतून काढून घेतली होती. गोळीच्या मागोमाग नलू वाटीभर मऊ पेज आणायची. आज गोळी पोटात गेली आणि पेज आलीच नाही. ही गोष्ट घरात कुणाच्या ध्यानात आली नव्हती, कारण ध्यानात ठेवणारीच गेली होती.

दुपार उलटल्यावर बायका आल्या. त्या आतल्या खोलीच्या दाराशी बसल्या, त्यामुळे राजारामला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. सहाव्या मजल्यावरची इरावती सावंत डोळ्यांना पदर लावून सांगत होती, "माझ्या सासूबाई गेल्या ना, तेव्हा वहिनींनी पिठलंभात आणला होता. असा गरमागरम. वरून लसणाची फोडणी. माझ्या घशाखाली उतरत नव्हतं, तर स्वतःच्या हातानं भरवलं हो."

दुसरी म्हणाली, आमच्याकडेही त्यांनीच आणलं होतं, पोरं उपाशी झोपली असती नाहीतर. तिसरीनं सांगितलं, आमच्या ह्यांच्या वेळी वहिनींनी पिण्याचं पाणीसुद्धा भरून ठेवलं होतं. काय ती माया, असं सगळ्यांचं एकमत झालं. त्या अगदी मनापासून रडल्या. पिठल्याच्या आठवणीनं रडल्या आणि मग डोळे पुसून, नाकं शिंकरून, एक अक्षर न बोलता उठून गेल्या. एकीच्याही हातात वाटी नव्हती. जिनं भरवलं तिच्या घरी आज कोण भरवणार, हा साधा विचार त्यांच्या डोळ्यांतून पाण्याबरोबर वाहून गेला असावा. प्रत्येकीला वाटलं की दुसरीनं आणलं असेल. चाळ असती तर कुणाच्या हातात काय आहे ते गॅलरीत उभं राहिल्या राहिल्या दिसलं असतं. इथं सगळ्यांची दारं बंद.

राजाराम सतरंजीवर जागच्या जागी गोठला. ताटात पडणारं ते पिठलं त्याला आठवलं, आणि त्यावर आपण मुरडलेलं नाक आठवलं. म्हणजे आपण भिंतीशी बसून सुस्कारे टाकत होतो तेव्हा मागच्या दारानं आपली बायको त्या घराला जेवू घालत होती. लोक चिंदरकरांचं नाव घेत होते ते तिच्या भातासाठी. आपल्याला आपलं वाटत आलं, आपल्या बसण्यासाठी. त्याला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर काढायचा तेही कळेना. समोर एक नवा माणूस येऊन बसला होता. त्यानं सुस्कारा टाकला, घसा खाकरला आणि विचारलं, "कसं काय झालं?"

तेवढ्यात आतून लक्ष्मीचा आवाज आला. "माका भूक लागली रे. कायतरी खावक दी."

दाराशी उभ्या असलेल्या हितेंद्रनं तिथूनच समजूत घातली. "आजी, जरा दम काढा. आज चूल पेटवायची नसते."

"कुणीतरी आणेलच," नवा माणूस म्हणाला. शेजारच्यानं मान डोलावली. कुणीतरी आणेलच, असं तिथल्या प्रत्येकानं म्हटलं. त्या कुणीतरीला त्या सकाळीच भोईवाड्याला पोचवून आले होते सगळे, खांद्यावरून.

लक्ष्मीनं पुन्हा हाक मारली नाही. त्या न मारलेल्या हाकेनं राजारामनं मान वर केली. दारातून त्याला आईचा हात दिसत होता, पलंगाच्या कडेला लोंबकळत असलेला, आणि तो थरथरत होता. तो उठला. मयताच्या घरच्या माणसानं मध्येच असं उठायचं नसतं, म्हणून सगळ्यांनी चमकून बघितलं. आत जाऊन त्यानं आईच्या कपाळाला हात लावला तर घामानं थंडगार. ओठ पांढरे पडलेले, डोळे कुठंतरी भलतीकडे. एक बाई आज सकाळी गेली होती आणि ही दुसरी आपल्यादेखत, पंधरावीस माणसांच्या बसण्यात, भुकेनं चालली होती.

स्वयंपाकघरात जाऊन तो साखर शोधू लागला. आपल्याच घरात साखरेचा डबा कोणता हे त्याला ठाऊक नव्हतं. एकात रवा निघाला, एकात मीठ, एकात बेसन. बेसनाचा डबा सगळ्यात मोठा होता. साखर सापडली तेव्हा त्यानं मूठभर तशीच नेऊन पाण्यात कालवली आणि चमच्या चमच्यानं आईच्या तोंडात घातली. ती गिळू लागली. हळूहळू तिचे डोळे जाग्यावर आले. मग त्यानं कुकरमध्ये तांदूळ टाकले, अंदाजानं पाणी घातलं आणि लायटर उचलला.

"काका," हितेंद्र स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा होता, "आज नाही चालत. तुम्हीच सांगितलंय सगळ्यांना."

राजारामनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं गॅस पेटवला. बाहेरच्या खोलीत बसलेली माणसं माना लांब करून बघत होती. कुणी म्हटलं नाही की काका, तुम्ही बसा, मी लावतो भात. कुणी म्हटलं नाही की माझ्या घरी भात तयार आहे. ते फक्त बघत होते, बारकाईनं, जाणकार माणूस काहीतरी करतो तेव्हा बघावं तसं.

भात धड झाला नाही. पाणी कमी पडलं, दाणे टचटचीत राहिले. राजारामनं ते गरम पाण्यात कुस्करले, मीठ टाकलं आणि आईला भरवायला बसला. लक्ष्मीनं पहिला घास तोंडात घोळवला.

"कच्चो आसा," ती म्हणाली. "दी पण." आणखी दोन घास गेल्यावर तिनं विचारलं, "नलूक वाढलंस?"

तेव्हा राजाराम रडला. हातात वाटी धरून, कुणी बघतंय का याची पर्वा न करता, हुंदके देत रडला. बाहेर बसलेले लोक एकेक करून उठले आणि मागं न बघता निघून गेले.

त्यानंतर राजारामनं मयताला जाणं सोडलं. पांढरा सदरा कपाटातच राहिला. लोकांना वाटलं, माणूस विरक्त झाला. खरं तर तो शिकायला बसला होता. लक्ष्मी पलंगावरून सांगायची आणि तो ओट्याशी उभा राहून करायचा. बेसन आधी गार पाण्यात कालव, गुठळी मोड, मग फोडणीत ओत, हात थांबवू नको. त्याचा हात थांबायचा आणि गुठळ्या व्हायच्या. गोदीत जन्म काढलेल्या माणसाला एवढंसं पिठलं जमेना. पण त्यानं नेट सोडला नाही. एखाद्या घरी आपण पातेलं घेऊन जायचं, एवढं एकच त्यानं मनाशी धरलं होतं. नलूचं काम निदान एकदा तरी करायचं होतं त्याला.

पावसाळा सरत आला असताना इरावती सावंतचा नवरा गेला. राजारामला कळलं तेव्हा दुपार होत होती. त्यानं लगेच भात लावला, बेसन कालवलं. गुठळ्या राहिल्याच, पण थोड्या. लसणाची फोडणी त्यानं वरून दिली. फडक्यात गुंडाळलेलं पातेलं घेऊन तो मागच्या लिफ्टनं सहाव्या मजल्यावर गेला. दाराशी हितेंद्र उभा होता, पांढऱ्या सदऱ्यात.

त्यानं काकांना वाकून नमस्कार केला. मग पातेलं बघितलं आणि संकोचला.

"काका, हे परत न्या," तो आवाज खाली आणून म्हणाला. "बाहेरचं चालत नाही. घरच्याच माणसानं त्या दिवशी भात लावायचा असतो ना."

"कुणी सांगितलं तुला हे?"

"कुणी म्हणजे? तुमच्याकडेच तर बघितलं. नलूकाकी गेल्या तेव्हा. आता सगळ्या टॉवरमध्ये तसंच करतात. मधे दोन मयतं झाली, तुम्ही नव्हता, पण मी जातीनं लक्ष घातलं."

राजारामच्या हातांना पातेलं भाजत होतं. "अरे, ती पद्धत नव्हती," तो म्हणाला. "माझी आई भुकेनं मरत होती. कुणी काही आणलं नव्हतं, म्हणून केलं मी ते."

हितेंद्रनं आदरानं मान खाली घातली. काका अजून त्या दुःखातून बाहेर आलेले नाहीत, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तो दारातून हलला नाही. त्याच्या खांद्यावरून राजारामला आतलं स्वयंपाकघर दिसत होतं. इरावती गॅसपाशी उभी होती, केस सुटलेले, डोळे सुजलेले, तोल जाऊ नये म्हणून एका हातानं ओटा धरलेला. तिच्याभोवती बायका उभ्या होत्या, हाताची घडी घालून. ती कुकरमध्ये पाणी ओतत होती, तर त्यांतल्या एकीनं मायेनं तिचा हात धरला.

"पाणी जास्त नको गं," ती म्हणाली. "भात थोडा कच्चा ठेवायचा असतो."

इरावतीनं ऐकलं आणि थोडं पाणी परत ओतून टाकलं.